मारुती जिम्नीच्या टपावर कयाक (वल्ह्याने चालवायची चिंचोळी होडी) न्यायची, तर रॅक कोणता?

दुकानात शिरल्याबरोबर लोखंडी जाळीचा भला मोठा कॅरियर दाखवतात. दिसतो रुबाबदार, पण कयाकसाठी नको. त्याचं स्वतःचंच वजन टपाच्या मर्यादेतून वजा होतं. आधी गाडीच्या पुस्तिकेत टपावर चालत्या गाडीत किती किलो चालतात ते बघा. उभ्या गाडीवर तंबू पेलणारा आकडा वेगळा असतो, त्याला भुलू नका. प्लास्टिकची एकट्याची कयाकही २० ते ३० किलो सहज भरते.

जिम्नीच्या टपाला कडेने पन्हळ आहे, तेव्हा पन्हळीला धरणारे पाय आणि ॲल्युमिनियमच्या दोन आडव्या दांड्या पुरतात. दांड्या जमेल तितक्या लांब-लांब बसवा. कापडी टपाच्या थारला मात्र हे जमणार नाही, दांड्यांना बाहेरची चौकट लागते.

इंग्रजी ‘जे’च्या आकाराच्या स्टँडवर कयाक आडवी कुशीवर राहते, जागा वाचते. पण गाडी मुळातच १.७२ मीटर उंच; त्यावर ती चढवताना खांदे भरून येतात, आणि घाटातल्या फांद्या आहेतच. एकच कयाक असेल तर मी दांड्यांवर फोम लावून ती पालथी बांधतो.

पट्टे साध्या बकलचे घ्या. रॅचेट (दांडा मागेपुढे करून आवळायचा पट्टा) जास्त आवळला की हल, म्हणजे कयाकचं अंग, चेपते, उन्हात तर हमखास. पट्ट्याला एक पीळ दिला तर वाऱ्याने गुणगुणत नाही. पुढचं आणि मागचं टोक दोरीने गाडीला वेगळं बांधायचंच.