‘अँड देन देअर वेअर नन’: कोणाला कोणती भूमिका द्यायची?

शेवट माहीत नसेल तर आधी संहिता वाचून या. पुढे खुन्याचं नाव येणार आहे.

अगाथा ख्रिस्तीच्या या नाटकाचा पहिला प्रयोग लंडनमध्ये १९४३ साली झाला. बेटावर जमलेल्या दहा जणांवर ग्रामोफोनवरून जुन्या खुनांचे आरोप होतात आणि मग ते एकेक करून मरायला लागतात. पात्रं अकरा: आठ पुरुष, तीन स्त्रिया. हौशी संस्थांत पुरुष नट कमी पडतात आणि मग डॉक्टर किंवा जनरलची भूमिका बाईला देऊ, असा विचार होतो. तसा बदल हक्कधारकाला विचारल्याशिवाय करू नका. भाषांतरालाही परवानगी लागतेच.

निवड न्यायाधीश वॉरग्रेव्हपासून सुरू करा. खुनी तोच, म्हणून त्याच्या कबुलीचा प्रवेश ज्याला दणक्यात जमतो त्याला भूमिका दिली जाते. इथेच नाटक फसतं. असा नट पहिल्या अंकापासूनच डोळे बारीक करून बघायला लागतो आणि मध्यंतरापर्यंत अर्ध्या प्रेक्षागृहाला उत्तर कळलेलं असतं. ऑडिशनला त्याऐवजी ग्रामोफोनवरचे आरोप ऐकल्यानंतरची चौकशी वाचायला द्या. आवाज न चढवता बाकीचे त्याचं ऐकतात का, ते बघा. कबुलीच्या पाच-सात ओळी दुसऱ्या फेरीत ऐकल्या तरी पुरे.

सेक्रेटरी व्हेरा आणि माजी सैनिक लोंबार्ड मात्र जोडीनेच निवडा. कादंबरीत दोघंही मरतात, १९४३च्या नाट्यरूपात वाचतात, त्यामुळे त्यांच्यातली ओढ खोटी वाटली तर शेवट कोसळतो. दोन व्हेरा, तीन लोंबार्ड बोलवा आणि जोड्या बदलून एकच प्रवेश वाचून घ्या. व्हेराचा आवाज तिसऱ्या अंकाच्या शेवटापर्यंत टिकला पाहिजे. लोंबार्डची परीक्षा वेगळी आहे. गोळी लागल्यासारखा पडल्यावर वॉरग्रेव्हचं बोलणं चालू असताना त्याला निपचित पडून राहायचं असतं, तेही झटापटीनंतर धापा टाकत असताना. ऑडिशनला त्याला मिनिटभर जागच्या जागी धावायला लावा, मग तीन मिनिटं आडवं पडायला सांगा आणि पहिल्या रांगेतून पोटाकडे बघा. हलतंय? मग त्याला प्रेक्षकांकडे पाठ करून पाडावं लागेल.

बाकीच्यांच्या बाबतीत अभिनयाइतकाच एकमेकांतला फरकही महत्त्वाचा. सुरुवातीलाच एवढी इंग्रजी नावं कानावर आदळतात. प्रेक्षक ती लक्षात ठेवत नाहीत, उंची, चाल आणि आवाज लक्षात ठेवतात. निवडलेल्यांना ओळीत उभं करून फोटो काढा. मग डोळे मिटून त्यांचं वाचन ऐका. गुप्तहेर ब्लोअर आणि डॉक्टर आर्मस्ट्राँग यांची सरमिसळ हमखास होते. झाली तर एकाला बदला. ब्लोअर सुरुवातीला डेव्हिस नावाने दक्षिण आफ्रिकेतून आल्याचं सोंग करतो. ते सोंग किंचित उघडं पडेल इतपतच वठवणारा नट हवा, आणि असे नट कमीच मिळतात. एमिली ब्रेंट आणि जनरल मॅकेंझी यांच्यासाठी खरंच वय झालेली माणसं शोधा. पांढऱ्या विगखालची पंचविशी चालताना लपत नाही.

बटलर रॉजर्ससाठी आलेल्याच्या हातात आठ भरलेल्या ग्लासांचा ट्रे द्या आणि चालता चालता संवाद म्हणायला लावा. ग्लास किणकिणले तर खुनाच्या प्रवेशात प्रेक्षक त्याच्याकडेच बघत बसतील.

मार्स्टन पहिल्याच अंकात विष पिऊन ठसका लागून मरतो. भूमिका छोटी, पण पडणं अवघड. तालमीत गादी घाला आणि डोकं फर्निचरच्या कडेपासून लांब ठेवा. शेवटच्या नमस्कारापर्यंत थांबावं लागेल, हे भूमिका देतानाच सांगा, नाहीतर तिसऱ्या प्रयोगापासून कुरबूर सुरू होते.

नावाडी नॅराकॉट फक्त सुरुवातीला येतो. ही भूमिका पुरुष पात्रांचा बदली नट असेल त्याला द्या. बाकीचा वेळ तो विंगेत संहिता धरून बसेल. ग्रामोफोनवरचा आवाज मात्र नटसंचाबाहेरच्या माणसाचा घ्या. वॉरग्रेव्हच्या आवाजाशी त्याचं जरा जरी साम्य वाटलं, तरी रहस्य तिथेच फुटतं.