आजीचं सोन्याचं घड्याळ गुजरीत नेण्याआधी

जुनं लेडीज घड्याळ थेट गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, तोलायला नेऊ नका. आधी घड्याळजीकडून मागचं झाकण उघडून घ्या आणि आतली बाजू भिंगाखाली बघा. तिथे ठशात आकडा असतो: ७५० म्हणजे १८ कॅरेट, ५८५ म्हणजे १४, ३७५ म्हणजे ९. जुन्या स्विस घड्याळाच्या केसवर (बाहेरच्या धातूच्या खोळीवर) १८ कॅरेटला स्त्रीच्या मुखाचा, १४ ला खारीचा इवलासा ठसा सापडतो. ‘२० मायक्रॉन्स’ किंवा ‘रोल्ड गोल्ड’ लिहिलेलं दिसलं तर ते भरीव सोनं नव्हे, वरचा थर. अशा घड्याळात पट्टा अडकवतात तिथे कडेला थर झिजून खालचा धातू डोकावतो. पट्टा वेगळा तपासा. सराफ वजन करतील तेव्हा मशीन आणि काच बाहेर काढलेली हवी. ओमेगा, रोलेक्ससारखं नाव आणि मूळची डायल असेल तर मोडीत अजिबात घालू नका, जुन्या घड्याळांच्या जाणकाराला दाखवा. आणि कृपा करून आधी पॉलिश करू नका, ठसे पुसट होतात.