व्हिटॅमिन सी सीरम: घेताना आणि लावताना

आधी एक कळकळीची विनंती: चेहऱ्यावर लिंबू चोळू नका. त्यात क जीवनसत्त्व असतं खरं, पण रस फार आंबट असल्याने त्वचा चुरचुरते, आणि तो लावून उन्हात गेलात तर काळे चट्टे, प्रसंगी फोडही येतात.

त्याऐवजी एल-ॲस्कॉर्बिक ॲसिडचं, म्हणजे शुद्ध क जीवनसत्त्वाचं, सीरम घ्या. नवख्यांना १० टक्के पुरे. २० च्या पुढे फायदा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते. सकाळी कोरड्या चेहऱ्यावर तीन-चार थेंब, मग मॉइश्चरायझर, वर सनस्क्रीन. हे जीवनसत्त्व मेलॅनिन (त्वचेला रंग देणारं द्रव्य) तयार करणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमला आवर घालतं, म्हणून डाग हळूहळू फिके होतात. पण सनस्क्रीन टाळलंत तर ऊन तेच डाग पुन्हा गडद करतं. फरक दिसायला दोन-तीन महिने तरी द्या.

खरी काळजी बाटलीची घ्यायची. हवा, उजेड आणि उष्णतेने सीरम खराब होतं. गडद काचेची छोटी बाटली घ्या, झाकण लगेच लावा, एप्रिल-मेमध्ये सरळ फ्रीजमध्ये ठेवा. उघडताना रंग बघून ठेवा. पुढे तो तपकिरी झाला, तर कितीही महाग असलं तरी टाकून द्या.