देवगडात लिनक्स, आणि काळा पडदा

ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा सपोर्ट संपला, म्हणून आंब्याच्या पेट्यांची लेबलं ज्यावर बनवतो त्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी चालणारं उबुंटू लिनक्स टाकलं. सुरू करताच स्क्रीन काळी. पंखा चालू, कीबोर्डचा दिवा चालू, चित्र नाही. पडवीतून काका डोकावले, "लाइट गेली काय रे?"

ग्रबच्या, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना येणाऱ्या, मेनूवर 'ई' दाबून 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' (nomodeset, ग्राफिक्स साध्या पद्धतीने चालवण्याची सूचना) लिहिलं, एफ10 दाबलं. अक्षरं मोठी, रंग फिके, पण डेस्कटॉप दिसला. हा कायमचा इलाज नव्हे, आत शिरण्यापुरती वाट.

मग उबुंटूच्या 'अॅडिशनल ड्रायव्हर्स'मधून एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डाचा 'टेस्टेड' लिहिलेला ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, घेतला. आमच्याकडे रेंज खिडकीपाशीच मिळते, त्यामुळे मोबाइल गजांना टेकवून हॉटस्पॉट लावला. रीस्टार्ट केलं, तरी ड्रायव्हर लोड होईना!

अडचण सिक्युअर बूटची, म्हणजे सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणाऱ्या सोयीची होती. तो चालू असला की ओळखीची सही नसलेलं मॉड्यूल (ड्रायव्हर त्यातलाच) कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आत घेत नाही. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात; रीस्टार्टनंतर निळी स्क्रीन येते, तिथे 'एनरोल मोक' (मोक म्हणजे सही ओळखण्यासाठी मालकाने नोंदवायची की) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. ही स्क्रीन दहा सेकंदच थांबते. मी तेव्हा पाणी प्यायला उठलो होतो.

टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीतून, ती की नोंदवण्याची विनंती पुन्हा केली आणि या वेळी जागचा हललो नाही. आता हापूसचा केशरी रंग लेबलावर नेमका दिसतो. सिक्युअर बूट बंद करा असं बरेच सुचवतात. मला ते पटत नाही, दोन मिनिटांत की नोंदवता येते.