डाळिंबाच्या ‘मर’ची बुरशी तपासताय? या चुका टाळा

पावसाळा सरला की नाशिकमधल्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत पिशव्या येऊ लागतात. सटाणा, मालेगाव, देवळा, कळवण. आत डाळिंबाचं खोड आणि सोबत प्रबंधाच्या घाईत असलेला एखादा एमएस्सीचा विद्यार्थी. विषय ठरलेला: झाड वाळवून टाकणाऱ्या मर रोगाच्या सेरॅटोसिस्टिस फिम्ब्रिएटा बुरशीची जनुकीय विविधता. चुकाही ठरलेल्याच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एकाच बागेतून ढीगभर नमुने गोळा करणं. काही वर्षांपूर्वी एकाने नामपूरकडच्या एका बागेतून ३२ नमुने आणले. मायक्रोसॅटेलाइट मार्कर (डीएनएमधल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांवरून प्रकार ओळखायची चाचणी) लावले, तर सगळ्यांच्या डीएनएच्या पट्ट्या हुबेहूब सारख्या. त्याने लिहून टाकलं, ‘तालुक्यात बुरशीचा एकच प्रकार आहे.’ मला ते पटेना, म्हणून त्याला घेऊन मी ती बाग बघायला गेलो. मर एकाच ओळीत, एका झाडावरून शेजारच्या झाडावर सरकत गेलेली. मुळं एकमेकांत गुंतलेली, खोडांना शॉट होल बोरर या खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची भोकं. मालकाला विचारलं तर म्हणाले, “सगळी गुटी कलमं एकाच ठिकाणची आणली, भाऊ.” म्हणजे रोगही बहुधा कलमांबरोबरच आलेला. ते ३२ नमुने नव्हतेच, एकाच लागणीच्या ३२ प्रती होत्या. पोराचे चार महिने वाया गेले. त्याच्याइतकंच मलाही वाईट वाटलं, कारण नमुने घेण्याआधी मीच त्याला विचारायला हवं होतं.

तेव्हापासून माझा नियम असा: एका बागेतून फार तर दोन झाडं, तीही लांबलांबची. झाडं वाढवण्यापेक्षा बागा वाढवा. पिशवीवर गाव, लागवडीचं वर्ष आणि गुटी कुठून आणली ते लिहा. ‘नंतर लिहू’ म्हणणाऱ्याचा नमुना मी आता परत पाठवतो.

एकसारखेपणा खराही असू शकतो, म्हणून तर ही काळजी घ्यायची. ओमान आणि पाकिस्तानात आंबा मारणारी, सालकिड्यांबरोबर पसरणारी सेरॅटोसिस्टिस जवळपास एकाच छापाची निघाली. बाहेरून आलेल्या बुरशीचं हे लक्षण. अमेरिकेत जॉर्जियात २००२ मध्ये सापडलेल्या भुंगेऱ्याबरोबर लॉरेल मरची (लॉरेल कुळातली झाडं वाळवणाऱ्या रोगाची) बुरशी आली, तीही तिथे एकछापी आहे, तर तिच्या मूळच्या आशियात विविधता दिसते. एका ओळीतून नमुने घेतले, तर आपल्याकडचा एकसारखेपणा बुरशीचा की नमुन्यांचा, हे कधीच कळणार नाही.

दुसरी चूक: भोकातून बुरशी वाढवणं. शॉट होल बोररची मादी लाकडात बोगदा पाडते आणि पिल्लांच्या खाण्यासाठी स्वतःची बुरशी पेरते. ती फ्युजेरियमच्या कुळातली. मरची बुरशी वेगळी. ती किड्याच्या अंगाला आणि भोकातून पडणाऱ्या भुशाला चिकटून जाते. बोगद्यातला तुकडा थेट बटाटा-आगरवर (बुरशी वाढवायच्या प्लेटमधल्या खाद्यावर) ठेवला की फ्युजेरियम वेगाने सगळी प्लेट व्यापतं आणि विद्यार्थी त्याचाच डीएनए काढून मोकळा होतो.

माझा भरवसा गाजरावर आहे. १९६८ पासून ही युक्ती छापील आहे, तरी नवशिक्यांना ती जुनाट वाटते. पूर्ण वाळलेलं झाड सोडा. निम्मं पिवळं पडलेलं झाड निवडा, खोड आडवं कापा आणि तपकिरी-काळसर डाग जिथे निरोगी लाकडाला भिडतो तिथली ढलपी घ्या. गाजराच्या दोन स्वच्छ चकत्यांमध्ये ती दाबून ओलसर डब्यात ठेवा. आठ-दहा दिवसांनी बुरशीच्या लांब मानेच्या काळ्या कुप्या उगवतात, त्यांच्या टोकावर बीजाणूंचा थेंब चमकतो आणि डबा उघडला की पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो. तोच थेंब सुईवर उचला. तिसऱ्या दिवशी “सर, काही आलं नाही” म्हणून गाजर फेकून देणाऱ्यांना काय सांगावं!

बाकीच्या चुका थोडक्यात. फक्त आयटीएस (बुरशी ओळखायला नेहमी वाचतात तो डीएनएचा तुकडा) वाचून प्रजाती ठरवू नका. या बुरशीत एकाच कल्चरमध्ये (प्लेटवर वाढवलेल्या बुरशीत) त्याची दोन रूपं सापडतात, सोबत आणखी जनुकं घ्या. एका बीजाणूपासून वाढवलेल्या कल्चरवर कुप्या आल्या नाहीत तर ते लगेच टाकून देऊ नका. काही बीजाणू एकटे फळतच नाहीत. पिशवी उन्हातल्या गाडीत ठेवू नका. आरी आणि कात्री प्रत्येक झाडानंतर हायपोक्लोराइटमध्ये बुडवा, एरवी तुम्हीच मर पुढच्या बागेत न्याल.

आणि एक राहतंच. निकाल प्रबंधात जातो, मालकापर्यंत पोहोचत नाही. त्यांनी तुम्हाला भगवा जातीच्या डाळिंबाचं फळतं झाड कापू दिलेलं असतं. पानभर का होईना, मराठीत लिहून द्या: तुमच्या बागेत काय सापडलं आणि हीच बुरशी आणखी कोणकोणत्या गावांत दिसली. पुढची गुटी कुठून आणायची, हे ते त्यावरूनच ठरवतात.