चहाच्या साखरेची वेगळी बरणी

चहातली साखर कमी करायची असं रोज ठरतं, पण आधणात चमचा टाकताना हात सैलच पडतो. किती साखर गेली, हे महिन्याच्या किराणा यादीतच कळतं.

आमच्याकडे चौघांचा दिवसाला दोन वेळा चहा, कपाला दोन चमचे. एक सपाट चमचा साधारण ५ ग्रॅम धरला तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या वर साखर नुसत्या चहात! चमचा शीग लावून भरला तर विचारूच नका.

उपाय सोपा आहे:

१. चहासाठी छोटी बरणी वेगळी ठेवा. रविवारी त्यात ५०० ग्रॅम साखर मोजून भरा.

२. पुढच्या प्रत्येक रविवारी ५० ग्रॅम कमी भरा. सहाव्या आठवड्यात २५० वर याल. फरक इतका हळू पडतो की घरातले सहसा कुरकुरत नाहीत. (सासरेबुवांना चौथ्या आठवड्यात शंका आली, तेव्हा आलं जास्त किसलं.)

३. बरणी शनिवारीच संपली तर मोठ्या डब्याला हात लावायचा नाही. पाहुण्यांचा चहा मात्र मोठ्या डब्यातून.

गवती चहा, वेलदोडा घातला की कमी गोडी जाणवत नाही. साखरेऐवजी गूळ घालून समाधान मानू नका, तीही साखरच.

घरात कुणी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि साखर एकदम उतरली तर लागेल म्हणून थोडी हाताशी असू द्या.