वाफ्यावर खडी पसरावी की पालापाचोळा?

पाऊस ओसरला की ठाणे-नवी मुंबईतली माती फसवते. वरचा थर वाळून तडकतो, पण बोटभर उकरलं तर खाली ओल असते. ऑक्टोबरचं ऊन ती ओल पंधरा दिवसांत ओढून घेतं, म्हणून आच्छादन आत्ताच पसरा.

अनेक सोसायट्यांमध्ये याच सुमारास पांढरे गोटे मागवले जातात. एकदा टाकले की काम संपलं, असा हिशोब असतो. झाडं लावलेल्या वाफ्यासाठी तो चुकीचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. दगड दिवसभर तापतो आणि अंधार पडल्यावरही मुळांना शेकत राहतो. वरून गळणारा पाला गोट्यांच्या फटींत कुजतो, त्यात तण रुजतं आणि तिथे खुरपं चालत नाही. पावसात गोटे चिखलात रुततात, मग पुढे वाफा खणणं जिकिरीचं होतं. तुकडे संगमरवराचे असतील तर त्यातला चुना हळूहळू मातीत उतरतो. अनंत, एक्झोरा यांना आम्ल माती लागते; त्यांची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतात. खताचा डोस वाढवण्याआधी बुंध्याजवळचे गोटे काढा.

नवी मुंबईत कित्येक बागा मुरमाच्या भरावावर आहेत. तिथे तर कुजून मातीत मिसळणारं आच्छादनच हवं. मुरबाड-शहापूरकडे भातकापणी झाली की पेंढा मिळतो. तो नीट झोडलेला आहे ना, हे पाहून घ्या, नाहीतर वाफ्यात भातच उगवेल. सुका पाला, नारळाच्या शेंड्याही चालतात. कच्चा लाकडी भुसा मात्र मातीत मिसळू नका, तो कुजताना झाडाचं नत्र खातो.

आधी तण काढा. लव्हाळ्याच्या गाठी खणूनच काढाव्या लागतात, कारण त्याचे कोंब कुठल्याही थरातून वर येतात. मग भरपूर पाणी देऊन दोन ते तीन इंचांचा थर द्या. १०० चौरस फुटांना दोन इंचांसाठी साधारण १७ घनफूट माल लागतो. बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड कुजतं आणि वाळवीही लागते. मुलं फटाके उडवतात त्या बाजूला पेंढा दिवाळीनंतरच पसरा.

खडीलाही जागा आहे. पागोळ्या पडतात तिथे माती उडू नये म्हणून, पायवाटेवर, किंवा निवडुंग-अडेनियमच्या वाफ्यात ती उत्तम. तिथे काळी खडीच घ्या.

जूनमध्ये थर इंचभर ठेवा. जाड, ओल्या पेंढ्याखाली शंखी गोगलगायी लपतात. त्या रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या लागतात. उन्हाळ्याच्या तोंडावर पर्जन्यवृक्षांची पानगळ होते. तो पाला जाळू नका, कचरागाडीतही देऊ नका. पोत्यांत भरून ठेवा, एप्रिलमध्ये थर बसला की वर तोच घालता येईल.